मिरजेत तानपुरा करून घेताना ॲडव्हान्स किती, कधी आणि कसा द्यायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत विश्रामबागला गाण्याचा क्लास घेते. क्लासमधल्या मुलींचे आईवडील, पुण्या-मुंबईचे ओळखीचे, मावसबहिणीची बेळगावची नणंद, सगळे फोन करून एकच विचारतात, की मिरजेत तानपुरा सांगायचाय, ते आधी पैसे मागतायत, देऊ का? दरवेळी फोनवर तासभर तेच सांगते म्हणून यावेळी बसून लिहूनच काढलं. मी आजवर चार तानपुरे करून घेतलेत, त्यातल्या एकात पैसे अडकले होते ते पण खाली आहे.

आधी पैसे कशाला द्यायचे? तयार झालं की देतो ना सगळे.

दुकानात तयार तानपुरा टांगलेला असेल आणि तोच घेणार असाल तर आधी काही द्यायचा प्रश्नच नाही, वाजवून बघा, पैसे द्या, घेऊन या. पण आपल्या पट्टीचा (म्हणजे आपण ज्या सुरात गातो त्याचा), आपल्या उंचीला बसेल असा करून घ्यायचा म्हटलं की गोष्ट भोपळ्यापासून सुरू होते. हा भाजीचा भोपळा नव्हे, कडू जातीचा असतो, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातून येतो, आणि काढल्यावर कित्येक महिने वाळवावा लागतो. गोल, जाड सालीचा, हवा तेवढा घेर असलेला असे सगळे गुण एका भोपळ्यात मिळायला नशीब लागतं. कारागिरांनी ते आधीच रोख देऊन आणून माळ्यावर ठेवलेले असतात. तून लाकूडही तसंच, ओलं लाकूड चालत नाही, वाळलेलं पाहिजे, म्हणजे त्यातही त्यांचा पैसा वर्ष-दोन वर्षं पडून.

तुमचा ॲडव्हान्स म्हणजे त्या माळ्यावरच्या एका भोपळ्यावर तुमचं नाव. माझ्या पहिल्या तानपुऱ्याच्या वेळी कारागीर चाचांनी चार भोपळे खाली काढले, एकेकाला बोटाच्या पेराने टिचकी मारली, एक बाजूला ठेवला आणि म्हणाले, "ताई, हा तुमचा." मग पुढच्या वेळी गेले तेव्हा तो वरून कापलेला होता, तबली (भोपळ्यावर बसवायची लाकडी फळी) अजून चिकटवली नव्हती, आत वाकून बघितलं तर पेन्सिलने माझं आडनाव आणि "काळी ४" (पेटीवरची चौथी काळी, म्हणजे माझी पट्टी) लिहिलेलं. ते अक्षर आता तबलीच्या आत बंद झालंय, कुणाला दिसणार नाही, पण ते तिथं आहे हे मला रोज वाजवताना माहिती असतं. पैसे दिल्यावर असं काहीतरी डोळ्याने बघायला मिळालं पाहिजे, माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

मग किती द्यायचा?

याचा कुठं छापील नियम नाही. मी एक तृतीयांश देते. समजा तीस हजाराला ठरला तर दहा हजार. त्यात भोपळा, लाकूड, खुंट्यांचं सामान निघतं आणि कारागिराला वाटतं की हा माणूस परत येणार. कोणी अर्धे मागितले तर मी भांडत नाही, पण दोन हप्त्यात देते, थोडे भोपळा निवडताना आणि थोडे भोपळा, गळा आणि दांडी जोडून कच्चा साज उभा राहिला की. पाचशे-हजार रुपये टेकवून "माझा करायला घ्या" म्हणणं पण बरोबर नाही, त्या पैशात तुमच्यासाठी कोणी चांगला भोपळा कापणार नाही आणि कापू पण नये.

सगळे एकदम दिले तर स्वस्तात देतो म्हणतायत.

नका देऊ. माझे अडकले ते असेच.

२०१८ साली धाकट्या बहिणीसाठी तानपुरा सांगितला. ओळखीतून ओळख निघालेली, माणूस बोलायला फार गोड, म्हणाला पूर्ण भरलेत तर दोन हजार कमी करतो आणि दिवाळीच्या आत देतो. मी भरले. पावती नाही, तारीख नाही, पट्टी सुद्धा तोंडीच सांगितलेली. दिवाळी गेली, संक्रांत गेली, फोन केला की "पॉलिश चालू आहे मॅडम". शेवटी एका दुपारी न सांगता गेले तर पॉलिश सोडाच, माझ्यासाठी म्हणून जो भोपळा दाखवला होता तो दुसऱ्याच्या तानपुऱ्याला लागलेला, कारण त्याने ताजे पैसे दिले होते आणि माझे तर आधीच खर्च झालेले. माणूस लबाड होता असं मला आजही वाटत नाही, घरात आजारपण होतं, हात तंगीत होता, जो पैसा समोर येईल त्याचं काम आधी होत गेलं. पण बहिणीची परीक्षा उसन्या तानपुऱ्यावर झाली. आठ महिन्यांनी वाद्य मिळालं ते दुसऱ्याच भोपळ्याचं, घेर लहान, खर्जाला (सगळ्यात खालच्या सुराच्या तारेला) पाहिजे तशी गाज नाही. बाकी रक्कम माझ्या हातात असती तर मला बोलता आलं असतं. हातात काहीच नव्हतं म्हणून गप्प बसून घेऊन आले.

इसार आणि ॲडव्हान्स एकच ना?

बोलताना आपण एकच म्हणतो, कायद्यात फरक पडतो. इसार म्हणजे सौदा पक्का झाल्याची खूण, घेणाऱ्याने माघार घेतली तर तो बुडू शकतो. ॲडव्हान्स म्हणजे किमतीचाच आधी दिलेला भाग. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या एका निकालात (तो जागेच्या व्यवहाराचा होता) सांगितलंय की आधी दिलेली रक्कम जप्त करायची असेल तर ती इसाराची आहे हे करारात स्पष्ट पाहिजे, नुसता किमतीचा हप्ता असेल तर जप्त करता येत नाही. आणि १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं की करार मोडला म्हणून भरपाई घ्यायची ती वाजवी असली पाहिजे, कागदावर वाटेल तो आकडा लिहिला म्हणून तेवढा मिळतोच असं नाही.

म्हणून पावतीवर "ॲडव्हान्स" लिहायचं आणि खाली एक ओळ, ऑर्डर रद्द झाली तर काय. एवढ्याने पुढची निम्मी भांडणं होत नाहीत.

पावतीवर काय काय लिहून घेऊ? ते लोक म्हणतात आमच्याकडे असलं काही नसतं, वहीत लिहितो.

वहीत लिहितात ते चांगलंच आहे, त्या पानाचा फोटो काढून घ्या, समोरच, त्यांना सांगून. कोणी नाही म्हणत नाही. वकिली कागद नको. मी एका पानावर हे लिहिते आणि दोघांची सही घेते: एकूण किंमत आणि त्यात काय काय आलं (कव्हर, जादा तारा, तानपुरा ठेवायची पेटी), आज दिलेले पैसे, पट्टी, तारा चार का पाच का सहा, भोपळ्याचा घेर इंचात, लाकूड कुठलं, नक्षी साधी का भरीव, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) कशाची, अंदाजे महिना, आणि जवारी (तार गुंजावी म्हणून घोडी घासून लावतात ती) पहिल्यांदा परत लावून द्यायची ती फुकट का पैसे घेऊन. हे शेवटचं नव्वद टक्के लोक विसरतात असं मला माझ्या क्लासवरून वाटतं, आणि नेमका वाद तिथंच होतो.

रोखीत पाच हजारांच्या वर देत असाल तर पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही घ्यायची. आजोबांच्या काळातली गोष्ट वाटते पण नियम आहे तो आहे.

पट्टी नक्की नसेल तर ऑर्डर देऊ का?

देऊ नका. बायकांचा सूर साधारण पांढरी पाच, काळी चार, काळी पाच आणि पुरुषांचा काळी एक, पांढरी दोन या आसपास असतो, त्याप्रमाणे दांडीची लांबी, भोपळा, तारांची जाडी सगळं ठरतं. गुरुजींना विचारा, ते सांगतील ती पट्टी कागदावर लिहून न्या. तेरा-चौदा वर्षांच्या मुलासाठी तर थांबाच, आवाज फुटायचाय त्याचा, आज काळी चारचा तानपुरा सांगाल आणि तयार होऊन येईपर्यंत पोरगा खाली उतरलेला असेल, मग ॲडव्हान्स गेला म्हणून कारागिराच्या नावाने बोटं मोडण्यात काय अर्थ.

मीच ऑर्डर रद्द केली तर पैसे परत मिळतात का?

भोपळा कापला का नाही, यावर सगळं आहे. कापायच्या आधी रद्द केली तर बहुतेक जण परत देतात किंवा पुढच्या कामात वळते करतात, माझ्या एका विद्यार्थिनीचे सगळे परत मिळाले. कापल्यानंतर मात्र त्यांचं सामान आणि मजुरी गेलेली असते. साधा चार तारांचा काळी चारचा असेल तर तो दुसऱ्या कुणाला विकला जातो, तेव्हा थोडं कापून परत मागायला हरकत नाही. पण तुम्ही सहा तारांचा सांगितला, वर वेगळीच नक्षी, दांडीवर मुलीचं नाव कोरून पाहिजे, तर तो कोण घेणार? अशा वेळी ॲडव्हान्स सोडून द्यायची मनाची तयारी ठेवूनच नाव कोरायला सांगा.

कारागिराने उशीर केला तर?

आधी बघा की उशीर कशामुळे. जून ते सप्टेंबर मिरजेत हवा दमट असते, सरस लवकर वाळत नाही, चपड्याचं (लाखेचं) पॉलिश दमट हवेत मारलं की पांढरट पडतं, जाणता माणूस ऊन पडायची वाट बघतो आणि त्याने बघावी. मी पावसाळ्यात ऑर्डर दिली तर स्वतःहूनच महिना जास्त धरते. नवरात्राच्या आधी मागणी वाढते तेव्हाही तसंच.

पण हवेचं कारण जानेवारीत चालत नाही. तारीख उलटून तीन-चार आठवडे झाले की फोन नको, समक्ष जा. आणि "कधी होणार" असं विचारू नका, त्याचं उत्तर "झालंच" असं येतं. "माझा भोपळा दाखवा" म्हणा. भोपळा समोर आला, निदान अर्धवट साज दिसला, तर काम चालू आहे, चहा पिऊन या परत. भोपळाच दाखवत नाहीत तर पुढचा हप्ता थांबवा आणि नवीन तारीख लिहून घ्या.

मी पुण्यात/मुंबईत आहे, समक्ष येणं जमत नाही. यूपीआयने पाठवू का?

पाठवा, उलट बरंच आहे, बँकेत नोंद राहते. पण आधी खात्यावरचं नाव आणि दुकानाचं किंवा कारागिराचं नाव जुळतंय का बघा, आणि नोटमध्ये "तानपुरा काळी ४ ॲडव्हान्स" असं टाका, दोन वर्षांनी पण कळतं कशाचे होते ते.

दुसरं, फोटो बघून अनोळखी नंबरवर पैसे टाकू नका. मिरजेचे तानपुऱ्यांचे फोटो कोणीही उचलून स्वतःचे म्हणून लावतो. व्हिडिओ कॉल लावायला सांगा आणि म्हणा जरा दुकानाबाहेर येऊन गल्ली दाखवा. खरा माणूस हसत हसत दाखवतो, शेजारच्या दुकानदारालाही हाक मारतो. "परतावा द्यायचाय, पिन टाका" असं कोणी म्हटलं तर फोन ठेवा, पैसे यायला पिन लागत नसतो. फसलातच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडकवायची शक्यता जास्त.

जीएसटी पण मागतायत वर.

हाताने बनवलेल्या देशी वाद्यांना जीएसटीतून सूट आहे आणि तानपुरा त्यात येतो. कव्हर, फायबरची पेटी, इलेक्ट्रॉनिक तानपुरा यांचं वेगळं. तेव्हा बिल मागा आणि कर नेमका कशावर लावलाय ते शांतपणे विचारा.

२०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय ना मिरजेला, मग आता फसवणूक होणार नाही?

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला दोन्हीला मिळालं, आणि ते वाचून मला खरंच भरून आलं होतं. मिरजेत वाद्यं करायला सुरुवात करणाऱ्या फरीदसाहेबांपासून धरलं तर दीडशेच्या वर वर्षं झाली, मूळचे हत्यारं घडवणारे शिकलगार लोक, राजेरजवाडे गेले तशी हत्यारांची कामं कमी झाली आणि तेच हात वाद्यांकडे वळले. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ मध्ये गेल्यावर मीरासाहेब दर्ग्यातच त्यांना दफन केलं, आजही तिथं उरुसात गाणं होतं. एवढं सगळं असलेल्या गावाचं नाव दुसरीकडे बनलेल्या वाद्यावर चिकटू नये म्हणून जीआय आहे. तुमच्या ॲडव्हान्सची हमी मात्र त्यात नाही, ती तुमच्या पावतीतच.

जुन्या तानपुऱ्यासारखं हस्तिदंताचं काम पाहिजे म्हटलं तर जास्त ॲडव्हान्स द्यावा लागेल का?

हस्तिदंत मागूच नका, विकत घेणं-विकणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. सांबराच्या शिंगाचंही तेच. कोणी "गुपचूप करून देतो, पैसे आधी" म्हणालं तर तिथून उठा. घोडी उंटाच्या हाडाची किंवा शिसवीची छान होते, नक्षीला प्लॅस्टिकच्या पट्ट्या वापरतात, आवाजात काही कमी पडत नाही.

काम चालू असताना त्यांच्याकडेच वाद्य फुटलं, पाणी लागलं तर नुकसान कुणाचं?

तयार होऊन तुमच्या ताब्यात येईपर्यंत साधारणपणे त्यांचं, वेगळं काही ठरलं नसेल तर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी घराघरात शिरलं तेव्हा माझा दुसरा तानपुरा मिरजेला वरच्या माळ्यावर होता, अर्धे पैसे दिलेले. चाचांनी त्या गडबडीत स्वतः फोन केला, "ताई तुमचा भोपळा कोरडा आहे, तुम्ही जीव सांभाळा." खरी भीती असते ती कुरियरची. पाठवायचं असेल तर पेटीचा आणि विम्याचा खर्च कुणाचा हे आधीच लिहा, आणि आल्यावर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ करा. मी तर म्हणते मिरज जंक्शनला या आणि मांडीवर घेऊन जा.

बाकीचे पैसे कधी द्यायचे?

जवारी ऐकल्यावर. त्याआधी नाही, कितीही देखणा दिसला तरी.

जाऊन बसा, घाई करू नका. चारही तारा लावायला सांगा, तारेखालचं सूत सरकवून जवारी खुलली का बघा. अर्धा तास छेडत राहा. खुंट्या सरकतायत का, पंचम आणि जोड (मधल्या सारख्या लावलेल्या दोन तारा) मिळाल्यावर खर्ज एकटा वेगळा बोलतोय का, भोपळ्याच्या जोडाला कान लावून काही खरखरतंय का. एखादी तार गाजत नसेल तर तिथंच सांगा, ते कानस घेऊन घोडी दोनदा घासतील आणि पाच मिनिटात फरक पडतो, पडलेला मी समोर बसून ऐकलाय, आधी तार नुसती टणत्कार करून बसायची आणि मग हळूहळू तिच्यातून गंधार वर यायला लागला. तो गंधार ऐकल्यावर पैसे मोजताना हात मागे येत नाही.

लांबून घेणाऱ्यांनी व्हिडिओ कॉलवर जवारी ठरवू नका. फोन सलग गुंजणाऱ्या आवाजाला गोंगाट समजून दाबतो, चांगला तानपुरा पण डबा वाटतो. रेकॉर्डिंग करून फाईल पाठवायला सांगा आणि हेडफोन लावून ऐका, जमलं तर गुरुजींना ऐकवा.

सगळं करूनही पैसे बुडवले तर तक्रार कुठं करायची?

आधी साधं लेखी पत्र, पंधरा दिवसांची मुदत देऊन, स्पीड पोस्टाने. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५. त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, सांगलीत आहे, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते म्हणजे पुणेकरांना इकडे खेपा घालायला नकोत. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाईन होते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, पण दोन वर्षांच्या आत करावी लागते. स्वतःच्या पोटापाण्यासाठी क्लास चालवणारे माझ्यासारखे पण ग्राहकच धरले जातात, घाऊक घेऊन विकणारे नाही.

मी स्वतः २०१८ ला तक्रार केली नाही. पावतीच नव्हती, काय दाखवणार होते.

घासाघीस करू का ॲडव्हान्स देताना?

किमतीवर एकदा बोला, एकदाच. ठरल्यावर परत बाकी देताना "पाचशे सोडा" करू नका. महिना-दीड महिना एक माणूस एका भोपळ्यापाशी बसलेला असतो, आणि त्यांची पोरं या कामात यायला तयार नाहीत हे प्रत्येक दुकानात ऐकते मी. ठरलेले पैसे ठरलेल्या दिवशी द्या. दोन-तीन महिन्यांनी नवीन तारा बसल्या की जवारी परत लावायला जाल तेव्हा तेच चाचा हातातलं काम बाजूला ठेवून तुमचं आधी करतात, माझं करतात.